कंपनी बुडते, पेशी राहतात

पेशी-उपचाराच्या चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून जे संमतीपत्र घेतले जाते, त्यात धोके, संभाव्य फायदे, पर्यायी उपचार, नुकसानभरपाई, गोपनीयता हे सगळे ओलांडून वाचणारा दमला की शेवटाकडे एक साधी ओळ येते : प्रायोजक (म्हणजे चाचणी करवून घेणारी कंपनी) ही चाचणी कोणत्याही वेळी आणि कोणत्याही कारणाने थांबवू शकतो. संशोधनाच्या एका नीतिमत्ता समितीवर बिगरवैद्यकीय सदस्य म्हणून अशी संमतीपत्रे वाचण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते, आणि या ओळीवर समितीने कधी पाच मिनिटे खर्च केल्याचे मला आठवत नाही. मीही तो विषय कधी काढला नाही. गोळीच्या चाचणीत त्या ओळीने फारसे बिघडत नाही. गोळी बंद केली की काही दिवसांत किंवा आठवड्यांत ती शरीरातून निघून जाते आणि रुग्ण आपल्या जुन्या औषधावर परततो. पेशींचे तसे नसते. इन्सुलिन बनवण्यासाठी यकृतात सोडलेल्या पेशी, कंपवातासाठी मेंदूत टोचलेल्या चेतापेशी किंवा जनुकबदल करून रक्तात परत सोडलेल्या पेशी यांना माघारी बोलावता येत नाही. त्या रुजल्या तर वर्षानुवर्षे राहतात, आणि त्यांनी राहावे हाच तर या उपचाराचा सगळा अर्थ असतो.

मग पेशी राहिल्या आणि प्रायोजक गेला, तर काय? जुनाट आजारांवर पेशी-उपचार शोधणाऱ्या कंपन्यांपैकी पुष्कळशा लहान आहेत. मोजकी माणसे, भाड्याची प्रयोगशाळा, विद्यापीठाकडून घेतलेले एखाद-दुसरे पेटंट आणि विकायला एकही उत्पादन नाही, अशी त्यांची सर्वसाधारण घडण असते. त्यांच्याजवळची रोकड किती वर्षे पुरेल असे कोणी विचारत नाही, किती महिने पुरेल असे विचारतात. मधुमेह, गुडघ्याची झीज, कंपवात, आतड्याचा दाह हे आजार मात्र माणसाची पंचवीस-तीस वर्षे पाठ सोडत नाहीत. महिन्यांत आयुष्य मोजणाऱ्या संस्थेने दशकांत आयुष्य मोजणाऱ्या देहाशी करार करावा, ही या क्षेत्रातली मूळ विसंगती आहे आणि ती संस्थापकांच्या सद्हेतूने मिटत नाही. माझे म्हणणे असे आहे की, पहिल्या रुग्णाला पहिली मात्रा देण्याआधीच कंपनीने आपल्या पश्चात काय होईल याची सोय करून दाखवली पाहिजे : पेशींचे नमुने आणि नोंदी त्रयस्थाच्या हवाली केलेल्या असाव्यात आणि पुढच्या पाठपुराव्याचे पैसे बाजूला काढलेले असावेत. ज्या समाजाच्या पैशावर आणि ज्या रुग्णांच्या शरीरावर हे संशोधन उभे राहते, त्या समाजाने ही अट घालताना संकोच करू नये.

लहान कंपन्या नकोत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. मोठ्या औषध कंपन्या या क्षेत्रात येतात तशाच जातात. इन्सुलिनवरच मोठ्या झालेल्या नोवो नॉर्डिस्कने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आपले पेशी-उपचाराचे काम गुंडाळले, त्यात टाइप १ मधुमेहावरचे कामही गेले. याच आजारावरची सर्वांत आशादायक वाट मात्र एका प्रयोगशाळेतून आणि तिच्यातून निघालेल्या लहान कंपनीतून आली. हार्वर्डचे जीवशास्त्रज्ञ डग मेल्टन यांच्या दोन्ही मुलांना टाइप १ मधुमेह आहे. मूलपेशींपासून, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पेशींत रूपांतर होऊ शकणाऱ्या स्टेम सेलपासून, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मोठ्या संख्येने तयार करण्याची रीत त्यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केली, त्याच सुमारास सेम्मा ही कंपनी निघाली आणि २०१९ मध्ये व्हर्टेक्स या मोठ्या औषध कंपनीने ती ९५ कोटी डॉलरला विकत घेतली. एकाच कल्पनेच्या मागे सर्वस्व लावणारे असे लहान घर नसते, तर ही कल्पना एखाद्या मोठ्या कंपनीच्या यादीत दहाव्या क्रमांकावर पडून राहिली असती. म्हणून प्रश्न लहान कंपन्यांना रोखण्याचा नाही; त्या बुडणार हे गृहीत धरून व्यवस्था उभी करण्याचा आहे.

अशा कंपनीची खरी मालमत्ता काय असते, हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. करंगळीच्या पेराएवढी एक प्लास्टिकची कुपी, तिच्यात मिलिलिटर-दोन मिलिलिटर द्रव, आणि त्यात गोठवलेल्या लाखो पेशी. द्रव नायट्रोजनच्या टाकीत, उणे १५० अंश सेल्सिअसच्याही खाली ती ठेवलेली असते. बाहेर काढून ती ३७ अंशांच्या पाण्यात धरायची आणि आत बर्फाचा एक लहानसा खडा उरला की उचलायची, कारण गोठताना पेशींना वाचवणारे जे रसायन त्यात मिसळलेले असते, तेच ऊब मिळाल्यावर पेशींना बाधू लागते. मग एक थेंब घेऊन त्यात निळा रंग मिसळायचा आणि आखीव चौकटींच्या काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा : मेलेल्या पेशी निळ्या पडतात, जिवंत पेशी रंग आत घेत नाहीत आणि स्वच्छ चमकतात. किती निळ्या, किती स्वच्छ, हे मोजले की मात्रा द्यायची की फेकायची ते ठरते. हे वाचायला सोपे आहे, पण कुपी कोणत्या वेगाने गोठवली, पेशी किती वेळा वाढवून घेतल्या, पोषकद्रव कोणत्या खेपेचा होता, अशा बारीकसारीक गोष्टींनी त्याच पेशी वेगळ्या वागतात. प्रक्रिया हेच उत्पादन, असे या क्षेत्रातली माणसे म्हणतात ते उगाच नाही. गोळीचे रासायनिक सूत्र कागदावर उतरवले की दुसरा कारखाना ती बनवू शकतो. पेशींचे सूत्र बरेचसे दोन-चार तंत्रज्ञांच्या हातात असते, आणि कंपनी बंद पडली की ते हात महिन्याभरात दुसऱ्या नोकरीवर रुजू होतात.

हे काल्पनिक संकट नाही. मानवी भ्रूणाच्या मूलपेशींपासून केलेल्या उपचाराची जगातली पहिली चाचणी अमेरिकेतल्या जेरॉन या कंपनीने २०१० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू केली. मज्जारज्जूला नुकतीच इजा झालेल्या रुग्णांवरची ही चाचणी होती आणि जगभर तिचा गाजावाजा झाला. वर्षभरातच, २०११ च्या नोव्हेंबरमध्ये, कंपनीने ती थांबवली. पेशींनी कोणाला अपाय केला म्हणून नव्हे. पैसा मर्यादित आहे आणि तो कर्करोगाच्या औषधांकडे वळवायचा आहे, म्हणून. तोवर पाच जणांच्या मज्जारज्जूत त्या पेशी गेलेल्या होत्या. पुढे ॲस्टेरियस नावाच्या दुसऱ्या कंपनीने हा ठेवा विकत घेतला, कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक स्टेम सेल निधीने तिला पैसे दिले, २०१९ मध्ये लिनिएज या तिसऱ्या कंपनीने ॲस्टेरियसला सामावून घेतले, आणि त्या पाच जणांच्या सुरक्षिततेचा दहा वर्षांचा अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो दिलासा देणारा होता. ही गोष्ट नेहमी यशोगाथा म्हणून सांगितली जाते, मला ती नशिबाची गोष्ट वाटते. दुसरा खरेदीदार मिळाला नसता, तर त्या पाच जणांच्या दहाव्या वर्षाबद्दल वैद्यकाला काहीही कळले नसते, आणि कोणाचा नियमभंगही झाला नसता.

जुनाट आजाराच्या बाबतीत पहिल्या वर्षावर विसंबता का येत नाही, हे टाइप १ मधुमेहाइतके दुसऱ्या कशातून स्पष्ट दिसत नाही. २००० साली कॅनडातल्या एडमंटनच्या डॉक्टरांनी मृत दात्यांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिन-पेशींचे पुंजके ७ रुग्णांच्या यकृतात सोडले आणि सातही जणांचे इन्सुलिन सुटले. त्या वेळचा आनंद खराच होता. पण पाच वर्षांनी मोठ्या गटाचा हिशोब मांडला, तेव्हा इन्सुलिनवाचून राहणारे रुग्ण सुमारे १० टक्केच उरले होते. बहुतेकांच्या शरीरात पेशी थोड्याफार काम करत होत्या, साखर एकाएकी कोसळण्याचा धोका कमी झाला होता, तेव्हा उपचार फुकट गेला असे मुळीच नाही. पण एका वर्षाच्या निकालावर ज्याने बाजी लावली असती, त्याने चुकीच्या गोष्टीवर लावली असती. पुढे याच पद्धतीचा उपचार सेलट्रान्स या छोट्या कंपनीने मंजुरीपर्यंत नेला आणि अमेरिकेच्या नियामकाने २०२३ च्या जूनमध्ये त्याला मान्यता दिली. ३० रुग्णांपैकी २१ जणांना एक वर्ष किंवा अधिक काळ इन्सुलिन लागले नाही, त्यातल्या १० जणांना पाच वर्षांहून अधिक काळ लागले नाही, आणि ५ जणांचे इन्सुलिन एक दिवसही सुटले नाही. ही माहिती मोलाची आहे ती तिच्यामागे वर्षे उभी आहेत म्हणून. व्हर्टेक्सने मूलपेशींपासून केलेल्या पेशींचे निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षअखेर इन्सुलिन लागत नव्हते. निकाल उत्तम आहेत. त्याच चाचणीत एका रुग्णाचा मृत्यू मेंदूच्या आवरणाच्या बुरशीजन्य संसर्गाने झाला, आणि परक्या पेशी नाकारल्या जाऊ नयेत म्हणून रोगप्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेत राहावी लागतात तेव्हा असे संसर्ग डोके वर काढतात. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातला रुग्ण हा सौदा डोळे झाकून पत्करील. ज्याच्याकडे इन्सुलिन आहे आणि ज्याच्यापुढे तीस वर्षे आहेत, त्याने तो तोलूनमापून करायला हवा, आणि तोलायला लागणारी वजने ही वर्षांच्या पाठपुराव्यातूनच मिळतात.

जुनाट आजाराला आणखी एक खोड असते. तो चढतो-उतरतो. रुग्ण उपचाराकडे येतो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर, आणि शिगेवरून ते पुष्कळदा आपोआपच खाली येते. शेवटी टोचलेले इंजेक्शन त्याचे श्रेय घेऊन जाते. क्रोन्स या आतड्याच्या आजारात होणाऱ्या गुंतागुंतीच्या भगंदरावर टायजेनिक्स या बेल्जियन कंपनीने दात्याच्या चरबीतल्या पेशींचा उपचार तयार केला. पहिल्या मोठ्या चाचणीत २४ आठवड्यांनी पेशी मिळालेल्यांपैकी ५० टक्के आणि पेशी न मिळालेल्या, तुलनेच्या गटातले ३४ टक्के रुग्ण बरे दिसले. २०१८ च्या मार्चमध्ये युरोपने मान्यता दिली, त्याच वर्षी ताकेदा या मोठ्या जपानी औषध कंपनीने सुमारे ५२ कोटी युरोला कंपनी विकत घेतली. पाचशेहून अधिक रुग्णांची दुसरी चाचणी झाली, तेव्हा आकडे आले ४८.८ आणि ४६.३. म्हणजे पेशी मिळालेल्यांचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले, पण तुलनेचा गटही तिथे येऊन पोहोचला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये हा उपचार युरोपच्या बाजारातून मागे घेण्यात आला. या प्रकरणात कोणी खोटेपणा केला असे दिसत नाही. उलट दुसरी चाचणी झाली, तिचा निकाल लपवला गेला नाही आणि उपचार थांबला, हे व्यवस्था चालल्याचेच लक्षण आहे. पण ती चाचणी करायला ताकेदाएवढा खिसा लागला, हेही विसरता येत नाही. टायजेनिक्स एकटी असती आणि पैसे संपून बंद पडली असती, तर पहिल्या चाचणीचे ५० आणि ३४ हे आकडे वैद्यकीय ग्रंथांत कायमचे राहिले असते.

जपानने २०१४ पासून अशा उपचारांना मोजक्या पुराव्यावर सशर्त मान्यता देऊन, पुरावा नंतर गोळा करण्याची वाट खुली केली. हृदयाच्या कमकुवत स्नायूवर चिकटवण्याच्या पेशींच्या पातळ पापुद्र्याला २०१५ मध्ये अशी मान्यता मिळाली ती ७ रुग्णांच्या चाचणीवर, आणि नऊ वर्षांनी, २०२४ मध्ये, तज्ज्ञ समितीने उपयोग सिद्ध होत नसल्याचे सांगून तो अध्याय संपवला. या वाटेमागची कणव मला समजते. पण सशर्त मान्यतेतली शर्त पाळायला कंपनी नंतरही हयात असावी लागते, आणि लहान कंपनीच्या बाबतीत नेमके तेच कोणी सांगू शकत नाही.

त्रयस्थाकडे नमुना असण्याचे महत्त्व मला पटले ते दक्षिण कोरियातल्या एका प्रकरणामुळे. कोलॉन समूहातल्या कंपन्यांनी गुडघ्याच्या झिजेवर इन्व्होसा नावाचा उपचार बाजारात आणला आणि २०१७ च्या जुलैमध्ये त्याला मान्यता मिळाली. कूर्चेच्या पेशी आणि त्यांना चालना देणाऱ्या, जनुकबदल केलेल्या दुसऱ्या पेशी असे त्याचे दोन भाग होते, आणि दुसऱ्या भागातल्या पेशीही कूर्चेच्याच आहेत असे कागदोपत्री लिहिलेले होते. २०१९ च्या मार्चमध्ये उघड झाले की त्या मानवी मूत्रपिंडापासून निघालेल्या, प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या आणि झपाट्याने वाढणाऱ्या मालिकेतल्या (एकाच मूळ पेशीपासून वाढवत नेलेल्या) पेशी आहेत. तोवर तीन हजारांहून अधिक लोकांच्या गुडघ्यांत हे इंजेक्शन गेले होते. त्याच वर्षी परवाना रद्द झाला. चूक नव्याने शिरलेली नव्हती, सुरुवातीपासून तीच पेशी वापरली जात होती. प्राण्यांवरचे प्रयोग, माणसांवरच्या तीन टप्प्यांच्या चाचण्या, नियामकाची छाननी हे सगळे पार करून ती कुपी कूर्चेचे लेबल लावून पुढे गेली. पेशींची ओळख पटवणारी डीएनए-चाचणी साधी असते. कंपनीबाहेरच्या एखाद्या पेढीत मूळ साठ्याचा नमुना जमा करण्याची आणि जमा करतानाच ती चाचणी करून घेण्याची अट असती, तर ही गोष्ट पहिल्या रुग्णाच्याही आधी उघडी पडली असती.

आणि पाठपुरावा लांबवर का हवा, याचे उत्तर ब्लूबर्ड बायो या कंपनीच्या इतिहासात आहे. मुलांच्या मेंदूतील पांढऱ्या द्रव्याचा नाश करणाऱ्या एका आनुवंशिक आजारावर तिने रुग्णाच्याच रक्तपेशींमध्ये जनुक घालून उपचार तयार केला. ६७ मुलांपैकी ७ जणांना पुढे रक्ताचा कर्करोग किंवा त्याच्या वाटेवरचा आजार झाल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणाला उपचारानंतर सव्वा वर्षात, तर एकाला साडेसात वर्षे उलटल्यावर. जनुक पेशीच्या गुणसूत्रांत कायमचे बसवणाऱ्या उपचारांनंतर रुग्णांवर १५ वर्षे लक्ष ठेवावे, अशी अमेरिकेच्या नियामकाची शिफारस आहे ती यासाठीच. ही कंपनी एके काळी शेअर बाजाराची लाडकी होती. थॅलेसेमियावरच्या तिच्या उपचाराची किंमत युरोपात सुमारे १६ लाख युरो होती, सरकारांशी सौदा जमला नाही आणि २०२१ मध्ये तिने युरोपातून पाय काढून घेतला. २०२५ मध्ये उरलीसुरली कंपनी गुंतवणूक-संस्थांना विकली गेली. पंधरा वर्षांच्या वचनाची मुदत अजून चालूच आहे. वचन कागदावर नव्या मालकाकडे गेलेले असते हे खरे, पण मालकाने ते कोणत्या मनाने आणि किती माणसे नेमून पाळायचे, यावर रुग्णाचा काहीही अधिकार चालत नाही.

कृत्रिम दृष्टिपटलाचे उदाहरण पेशींचे नसले तरी इथे आठवल्यावाचून राहत नाही. सेकंड साइट या कंपनीने बसवलेले दृष्टिपटल जगभर साडेतीनशेहून अधिक अंध माणसांच्या डोळ्यांत होते. २०२० मध्ये कंपनी कोसळण्याच्या बेतात आली आणि डोळ्यात यंत्र असलेली माणसे दुरुस्तीवाचून, सुट्या भागांवाचून वाऱ्यावर राहिली. यंत्र निदान काढून टाकता येते.

सुचवतो आहे त्यात नवे फारसे काहीच नाही. तुकड्या-तुकड्यांनी हे सगळे कुठे ना कुठे चालू आहे. ब्रिटनमध्ये मानवी भ्रूणापासून नवी पेशीमालिका तयार करण्याच्या परवान्यालाच, तिचा नमुना राष्ट्रीय स्टेम सेल पेढीत जमा करण्याची अट जोडलेली आहे. अस्थिमज्जा-रोपण केलेल्या रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंदवही १९७२ पासून डॉक्टरांनी आणि विद्यापीठाने चालवली आहे, ती कोणा कंपनीची नाही, आणि तिची वारस असलेली संस्थाच आज कर्करोगावरच्या कार-टी पेशी (कर्करोगावर हल्ला करण्यासाठी जनुकबदल केलेल्या रोगप्रतिकारक पेशी) घेतलेल्या रुग्णांची माहिती वर्षानुवर्षे गोळा करते. म्हणूनच कार-टी बनवणारी एखादी कंपनी उद्या नाहीशी झाली, तरी तिचे रुग्ण नोंदीतून नाहीसे होणार नाहीत. मधुमेह, कंपवात किंवा गुडघ्याच्या पेशी-उपचारांसाठी तितकी भक्कम नोंदवही उभी राहिलेली नाही, कारण हे आजार वेगवेगळ्या तज्ज्ञांमध्ये विखुरलेले आहेत आणि प्रत्येक कंपनी आपापली वही काखेत धरून बसते. पैशाच्या बाजूला खाणींचा दाखला आहे : खाण सुरू करण्याआधीच ती बंद करून जमीन पूर्ववत करण्याचा खर्च अनामत म्हणून ठेवून घेण्याची पद्धत अनेक देशांत आहे, कारण खनिज संपल्यावर मालक सापडत नाही हे अनुभवाने कळले. पेशी-उपचारात ही अनामत एकरकमी असण्याची गरज नाही. जितक्या रुग्णांना मात्रा दिली, तितक्या रुग्णांच्या पाठपुराव्याची रक्कम त्या-त्या वेळी विश्वस्त खात्यात जमा व्हावी. पाच रुग्णांच्या चाचणीला पाच जणांचा भार, पाचशेच्या चाचणीला पाचशेंचा. कंपनी विकली गेली की खाते आणि जबाबदारी दोन्ही तिच्याबरोबर जावीत, आणि बुडाली तर ते पैसे इतर धनकोंच्या हाती न पडता नोंदवहीकडे जावेत. आज होते ते उलटे : कंपनी अवसायनात निघाली, म्हणजे देणी भागवण्यासाठी तिची मालमत्ता विकायला काढली, की पेशींचा साठा, पेटंटे आणि रुग्णांची माहिती ही मालमत्ता म्हणून विक्रीच्या यादीत येतात, खुर्च्या-टेबलांच्या बरोबरीने.

गुंतवणूकदारांचा पहिला आक्षेप गुपिताचा असेल. पेशींचा मूळ साठा आणि कृती बाहेर ठेवली तर ती स्पर्धकाच्या हाती पडणार नाही कशावरून, असे ते विचारतील. संगणकप्रणालीच्या व्यवहारात याचे उत्तर केव्हाच शोधलेले आहे. प्रणालीची मूळ संहिता त्रयस्थाकडे मोहोरबंद ठेवतात आणि विक्रेता बुडाला किंवा त्याने सेवा सोडली तरच ग्राहकाला, उदाहरणार्थ एखाद्या बँकेला, ती मिळते. इथेही कुपी आणि कृती मोहोरबंद राहील, आणि दिवाळखोरी, उपचार सोडून देणे किंवा सुरक्षिततेबद्दल नियामकाला आलेली शंका, एवढ्याच कारणांनी ती उघडली जाईल. बँकांना जे आपल्या खात्यांसाठी मागता येते, ते रुग्णाला आपल्या मेंदूसाठी मागता येऊ नये, हे मला समजत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आधीच जेमतेम तग धरणाऱ्या कंपनीवर हा भार टाकला तर काही कल्पना जन्मायच्या आधीच मरतील. काही मरतील, हे मी नाकारत नाही. पण हा भार पूर्ण कंपनीनेच उचलावा असेही नाही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००४ मध्ये ३०० कोटी आणि २०२० मध्ये आणखी ५५० कोटी डॉलरचे कर्जरोखे या संशोधनासाठी मंजूर केले. इतक्या मोठ्या सार्वजनिक पैशातला एक लहानसा हिस्सा पेढी आणि नोंदवही यांच्यासाठी राखून ठेवला, तर तो संशोधनाचाच खर्च आहे. प्रत्येक अनुदानाच्या अटींत हे कलम घालायला नवा कायदाही लागत नाही. शिवाय फसलेल्या उपचाराची माहिती जपली गेली, तर पुढची कंपनी त्याच खड्ड्यात पैसे ओतणार नाही. नाहीशा झालेल्या कंपनीचा फसलेला प्रयोग हा सर्वांत महाग प्रयोग असतो, कारण तो पुन्हा करावा लागतो.

रुग्णांच्या अधीरतेचा मुद्दा मात्र आक्षेप म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. वर्षानुवर्षे दुखणे काढणारा माणूस नियमांची लांबी मोजत बसत नाही. अधिकृत दार उघडायला उशीर झाला की तो शेजारच्या दाराकडे वळतो. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये तीन वृद्ध स्त्रियांनी प्रत्येकी ५००० डॉलर मोजून दृष्टिपटलाच्या झिजेवर स्वतःच्या चरबीतल्या पेशी डोळ्यांत टोचून घेतल्या, तेही दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी, आणि तिघींची दृष्टी जवळपास किंवा पूर्ण गेली. २०१७ मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात आले. चाचण्यांच्या सरकारी संकेतस्थळावर त्या क्लिनिकचे नाव पाहून त्यांतल्या काहींना हे संशोधनच वाटले होते. प्रामाणिक लहान कंपनी आणि असे दुकान यांच्यातला फरक रुग्णाला बाहेरून दिसत नाही, ही प्रामाणिक कंपन्यांचीही अडचण आहे. तुमच्या पेशींचा नमुना कोणत्या पेढीत आहे आणि नोंद कोणत्या वहीत, या दोन प्रश्नांना दुकानाकडे उत्तर नसते. कंपनीकडे ते असले, तर तिला वेगळे ओळखण्याची खूण रुग्णाच्या हाती येते.

या व्यवस्थेने उपचार जिवंत राहील अशी हमी मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. कृती जपली म्हणून कोणी पुन्हा पेशी बनवायला बसेलच असे नाही. तसे क्वचित घडते : रोगप्रतिकारशक्तीच नसलेल्या बालकांसाठीचा स्ट्रिमव्हेलिस हा उपचार २०१६ मध्ये मान्यता मिळाल्यावर एका कंपनीकडून दुसरीकडे गेला, तिलाही तो परवडेना, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या टेलिथॉन या धर्मादाय संस्थेने त्याचा परवाना आपल्याकडे घेतला. असे दाते सगळ्यांना मिळणार नाहीत. माझी मागणी त्यामानाने बेताची आहे. अकरा वर्षांनी कोणा रुग्णाच्या यकृतात गाठ दिसली, तर ती त्याची स्वतःची की टोचलेल्या पेशींची, हे ठरवायला डॉक्टरांना मूळ पेशींच्या डीएनएशी ताडून पाहावे लागेल. तेव्हा ताडायला कुपी असावी, ती कोणत्या खेपेची हे सांगणारा कागद असावा, त्याच खेपेच्या इतर रुग्णांना कळवणारे कोणी असावे, एवढेच.

नीतिमत्ता समित्यांना हे मागायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. प्रस्ताव परत पाठवण्याचा अधिकार त्यांच्याकडे आजही आहे आणि तो अवसायकापेक्षा फार आधी वापरता येतो. पुन्हा कधी त्या टेबलाशी बसण्याची वेळ आली, तर प्रायोजक चाचणी केव्हाही थांबवू शकतो या ओळीपाशी मी थांबेन, आणि दहा वर्षांनी या रुग्णाने फोन केला तर तो कोण उचलेल, असे विचारीन. उत्तरात केवळ कंपनीचे नाव आले, तर तो कागद त्या दिवशी पुढे सरकवणार नाही.